इतर हक्कातली नोंद

कॉम्प्युटर सुरू झाला, पासवर्ड टाकून झाला, की मामा माउसचा बाण पडद्याच्या मधोमध, जरा उजवीकडे नेऊन ठेवतात. तिथे तेव्हा काहीच नसतं. पडद्यावर विठोबाचं चित्र आहे, त्यामुळे बाण पडतो तो देवाच्या कमरेवरच्या हाताजवळ. मग मामा चहाचा घोट घेतात, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाला पुसतात, कालच्या राहिलेल्या कागदांवर पेपरवेट सरकवतात. तेवढ्यात एक करडी चौकट उगवते, तिच्यातली हिरवी पट्टी थोडी पुढे जाऊन अडते, आणि त्या चौकटीच्या डोक्यावर दुसरी चौकट येते. तिचं 'कॅन्सल' बरोबर बाणाखाली असतं. मामा पडद्याकडे न बघता बोट दाबतात. मग तिसरी चौकट, लाल फुली, एरर १७०६. तिला 'ओके'. विठोबा पुन्हा मोकळा.

"हे काय होतं?" मी विचारलं.

"ते होय? रोजचंच आहे. येतं, त्याला नाही म्हणायचं, कामाला लागायचं."

कराडच्या कोर्टाजवळचा मामांचा गाळा म्हणजे एक टेबल, दोन खुर्च्या, लोखंडी कपाट आणि गिऱ्हाइकांसाठी भिंतीला लावलेला बाक. दावे, कैफियती, हक्कसोडपत्रं, वारसनोंदीचे अर्ज, प्रतिज्ञापत्रं, काय म्हणाल ते टाइप करून मिळतं. पुकारा सुरू व्हायच्या आत कागद हवा म्हणून वकिलांचे कारकून सकाळीच येऊन उभे राहतात. अशा घाईत कॉम्प्युटरने सीडी मागत बसावं, आणि मागावी कुठली, तर छापणाऱ्या, स्कॅन करणाऱ्या आणि झेरॉक्सही काढणाऱ्या एका यंत्राची, जे मामांनी केव्हाच भंगारात घातलं आहे. शाई यंत्रापेक्षा महाग पडायला लागली तेव्हा मामी म्हणाल्या, द्या काढून, आणि मामांनी दिलं. वायर तेवढी ठेवली, लागेल कधीतरी म्हणून. कॉम्प्युटरचा सीडीचा ड्रॉवरही आता उघडत नाही. त्याच्यापुढे पंचिंग मशीन आणि टाचण्यांची डबी असते. आणि ह्या कॉम्प्युटरला एक प्रोग्राम रोज सकाळी सांगतो, माझी सीडी घाला, माझं इन्स्टॉलेशन अर्धवट राहिलंय.

मला त्या चौकटीचा राग आला नाही, आला तो मामांच्या बोटाचा. म्हणजे रागही नव्हे. काहीतरी रुतल्यासारखं झालं. ज्या माणसाच्या हातून 'दिनांक' मधली वेलांटी सुटली तर तो पान पुन्हा छापतो, त्याने हा रोजचा उपद्रव इतका अंगवळणी पाडून घ्यावा? परतीच्या एसटीत साताऱ्यापर्यंत माझ्या डोक्यात तेच. कधीतरी दुकानातल्या पोराने सीडी घालून नेक्स्ट, नेक्स्ट, आय अॅग्री, फिनिश असं धडाधड दाबलं असेल. ते 'हो' मामांनी स्वतः म्हटलेलंही नाही. पण ते कॉम्प्युटरच्या पोटात लिहून ठेवलं गेलं आणि आजवर इमानेइतबारे पाळलं जातंय. मामा मात्र स्वतःच्या बोटाने रोज नकार देतात, तो कुठेच लिहिला जात नाही. आजचा नकार आजच्यापुरता. उद्या सकाळी तोच प्रश्न, जणू पहिल्यांदाच विचारतोय अशा सभ्य आवाजात.

हा हिशेब कुणी ठरवला असेल?

मामा मुळात टाइपरायटरवाले. आमच्या लहानपणी ह्याच टेबलावर गोदरेजचा मराठी टाइपरायटर होता, राखाडी, अंगाने दणकट. गोदरेजने १९५५ मध्ये पहिला देशी टाइपरायटर काढला. मामांचा अर्थातच त्याच्या पुष्कळ नंतरचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी दुपारची गाळ्यात जाऊन बसायचे ते कार्बन पेपरच्या वासासाठी. कार्बन लावून द्यायचं काम माझं, त्यामुळे बोटं जांभळी व्हायची आणि मामी ओरडायच्या. ओळ संपत आली की घंटी वाजायची, कॅरेज खडखडत मागे यायचा, आणि सगळ्यात खालची प्रत इतकी फिकट निघायची की ती नेमकी आपल्यालाच मिळाली म्हणून पक्षकार कुरकुरायचा. त्या यंत्राला 'सुरू होणं' हा प्रकारच ठाऊक नव्हता. कव्हर काढलं की ते होतंच. रिबन फिकी पडली तर अक्षरं पुसट यायची, तेवढीच त्याची मागणी. मामांनी दाबल्याशिवाय त्यातून एक मात्रा उमटली नाही कधी. जुन्याचं कौतुक करायचा मला शौक नाही; एक कानडी नाव चुकलं म्हणून चार प्रती नव्याने बडवताना मामांची मनगटं दुखलेली मी पाहिली आहेत. पण सकाळी पहिला शब्द माणसाचा असायचा, एवढं खरं.

कॉम्प्युटरलाही सुरुवातीला बऱ्यापैकी शिस्त होती. विंडोजच्या आधीच्या डॉसच्या काळात सुरू होताना काय काय चालवायचं त्याची यादी 'ऑटोएक्झेक डॉट बॅट' नावाच्या एका साध्या फाइलीत असायची. उघडा, वाचा, नको ती ओळ खोडा. विंडोज ९५ आलं तेव्हापासून ती यादी वाटली गेली. एक स्टार्टअप नावाचं फोल्डर, विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, 'रन' नावाची नोंद, तीही एकदा ह्या वापरणाऱ्यासाठी आणि एकदा सगळ्या कॉम्प्युटरसाठी, शिवाय 'रनवन्स'. ह्या रनवन्समध्ये एक गंमत आहे. तिथे लिहिलेलं काम एकदाच व्हावं म्हणून विंडोज आधी ती नोंद पुसतं आणि मग काम सुरू करतं. पण नोंदीच्या नावाआधी उद्गारचिन्ह टाकलं, तर पुसणं काम झाल्यावरच होतं. म्हणजे काम मध्येच अडलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. एका उद्गारचिन्हात केवढा चिवटपणा मावतो! पुढे पडद्याआड चालणाऱ्या सर्व्हिसेस आल्या, वेळापत्रकातली कामं आली. आज तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आपोआप उठणारं सगळं एका नजरेत बघायचं तर 'ऑटोरन्स' नावाचं वेगळं साधन आणावं लागतं, आणि ते उघडलं की त्यातल्या टॅब बघूनच माणूस दमतो.

ते ऑटोरन्स लिहिणाऱ्यांपैकी एक मार्क रसिनोविच. ऑक्टोबर २००५ मध्ये स्वतःचाच कॉम्प्युटर तपासताना त्याला दडवलेल्या फाइली सापडल्या, आणि माग काढता काढता तो पोचला सोनी बीएमजीच्या गाण्यांच्या एका सीडीपाशी. गाणी ऐकायला सीडी घातली होती, तिच्यातून नक्कल रोखणारा प्रोग्राम आत शिरला होता आणि त्याने स्वतःला असं लपवलं होतं, की विशिष्ट खुणेने सुरू होणारं नाव असलेली कुठलीही फाइल दिसेनाशी व्हायची. ह्यावर मोठा गदारोळ झाला, कंपनीला सीड्या परत घ्याव्या लागल्या, अमेरिकेत खटले झाले. मला ह्या प्रकरणात राहून राहून वाटतं ते असं, की ज्याला हे सापडलं तो विंडोजचा अख्खा सांगाडा तोंडपाठ असलेला माणूस होता. बाकीचे लाखो लोक गाणी ऐकत होते.

आमच्याकडे तेव्हा वेगळीच तऱ्हा. सायबर कॅफेत पेन ड्राइव्ह लावला की 'न्यू फोल्डर' नावाचं काहीतरी घरी यायचंच. ऑटोरनची ती सोय, की डिस्क लागली रे लागली की तिच्यातलं आपोआप चालू, व्हायरसवाल्यांना आंदण दिल्यासारखी होती. कॉलेजातल्या लॅबमधल्या सरांनी आम्हाला एक शिकवलेलं: सीडी घालताना शिफ्टची कळ दाबून धरायची, म्हणजे ती आपोआप उघडत नाही. एका हाताने ड्रॉवर ढकलायचा, दुसऱ्या हाताचं बोट शिफ्टवर. फेब्रुवारी २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने अपडेटमधून जुन्या विंडोजवरही पेन ड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं, तोवर आमच्या पिढीने किती कॉम्प्युटर फॉरमॅट केले असतील देव जाणे. पण ती शिफ्टची कळ मला अजून आवडते. तिच्यात एक साधा हिशेब होता. मी बोट ठेवलंय तोवर तू गप्प.

दिवाळीत कोर्टाला सुट्टी. मामांना म्हटलं, चला, गाळा उघडा, त्याचा निकाल लावू. मामा फारसे उत्सुक नव्हते. त्याच महिन्यात, १४ ऑक्टोबर २०२५ ला, विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट बंद झाले होते आणि कॉम्प्युटर आता नव्या गोष्टीसाठी मागे लागला होता. "हाच बदलायचा म्हणतात, मग तू त्याला कशाला धुऊन-पुसून ठेवतेस?" असा त्यांचा सवाल. सवाल चुकीचा नव्हता. तरी उघडला.

कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम दाबलं, टास्क मॅनेजर आला, त्यात स्टार्टअपचा टॅब. विंडोज ७ पर्यंत हे 'एमएसकॉन्फिग' मध्ये असायचं, विंडोज ८ पासून इथे आलं. यादीत प्रिंटरवाल्या कंपनीचं एक नाव दिसलं, शाई किती उरली ते सांगणारं. डिसेबल केलं, रिस्टार्ट केलं. मामांनी सवयीने बाण जागेवर नेऊन ठेवला, आणि चौकट आली. मामांच्या चेहऱ्यावर जिंकल्याचा भाव होता असं मी म्हणणार नाही, पण चहाचा घोट जरा सावकाश घेतला त्यांनी.

मग इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोजचा हा रोजनामा बहुतेकांनी आयुष्यात उघडलेला नसतो, पण त्यात सगळं असतं. अॅप्लिकेशनच्या भागात पिवळ्या त्रिकोणांची रांगच रांग, रोज सकाळची एकेक जोडी, स्रोत 'एमएसआयइन्स्टॉलर', क्रमांक १००४ आणि १००१. तिथे स्वच्छ लिहिलं होतं, अमुक फोल्डरमधली अमुक फाइल जागेवर नाही. तेव्हा उलगडा झाला. रोज सकाळी उठत होता तो इन्स्टॉलर, म्हणजे प्रोग्राम बसवणारा, नव्हताच. स्टार्टअप फोल्डरमध्ये स्कॅनरच्या प्रोग्रामचा एक शॉर्टकट होता, आणि तो अशा जातीचा होता की थेट प्रोग्रामकडे जात नाही; आधी विंडोज इन्स्टॉलरला विचारतो, सगळे भाग शाबूत आहेत ना? एक फाइल गायब, कुणीतरी केलेल्या साफसफाईत गेली असणार. मग इन्स्टॉलर म्हणतो, थांबा, दुरुस्त करतो. दुरुस्तीला मूळ सीडी लागते. सीडी नाही म्हटल्यावर १७०६. प्रत्येक जण आपापलं काम चोख करत होता. उपद्रव नुसत्या कर्तव्यदक्षतेतून चालला होता.

हे मी मामांना समजावत होते, शॉर्टकट म्हणजे काय, रजिस्ट्रीतली नोंद म्हणजे काय, यंत्र गेलं तरी नोंद कशी राहते. ते मागच्या खुर्चीत बसून ऐकत होते. मध्येच म्हणाले, "म्हणजे सातबाऱ्यावरचा बोजा म्हण की."

"कसं?"

"कसं काय? सोसायटीचं कर्ज काढलेलं असतं आज्याने. आजा गेला, कर्ज फिटलं, सोसायटीचा चेअरमनसुद्धा गेला. पण इतर हक्कात बोजा तसाच. तो आपोआप उतरत नसतो. बेबाकी दाखला आणायचा, तलाठ्याकडं अर्ज द्यायचा, फेरफार पडायचा, सर्कलनं तो मंजूर करायचा, तेव्हा उतरतो. तोवर विकायला गेलं की आडवा येतोच."

मी ह्यापेक्षा बरं समजावू शकले नसते. म्हटलं, "आणि मामा, असले बोजे उतरवायचे अर्ज तुम्हीच तर टाइप करता रोज."

"करतो की. पण त्याला तलाठी असतो," मामा म्हणाले. "ह्याचा अर्ज कुणाकडं करायचा ते कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं नव्हतंच. ती चौकट मी पुन्हा नीट बघितली. तिच्यावर प्रिंटरचं नाव होतं, सीडीचं नाव होतं, सीडी कुठल्या ड्राइव्हमध्ये घालायची ते होतं. आपल्याला कुणी उठवलं ते नव्हतं. 'पुन्हा विचारू नका' अशी टिक करायची जागा नव्हती. चौकट रेखाटणाऱ्याने दोनच माणसं कल्पिली होती: ज्याच्याजवळ सीडी आहे तो, आणि ज्याच्याजवळ आत्ता नाही, पण उद्या असेल तो. सीडी नको असलेला माणूस त्याच्या डोक्यातच आला नव्हता. मामांसारखी माणसं मग चौकटीला वळसा घालून जगायला शिकतात, आणि आपण त्याला त्यांचा भोळेपणा म्हणतो. मीही एसटीत तेच म्हणत आले होते.

शॉर्टकट डिसेबल केला. चौकट थांबली. तिथेच उठायला हवं होतं, पण मला मुळापासून काढायची हौस. प्रोग्रामांच्या यादीत जाऊन अनइन्स्टॉल म्हटलं, तर त्याने काय मागावं? सीडी. काढायलाही सीडी. मामा इतके हसले की त्यांना ठसका लागला. विंडोजच्या पोटात इन्स्टॉलर नावाचं एक लपलेलं फोल्डर असतं, प्रत्येक प्रोग्राम बसवताना त्याच्या इन्स्टॉलरची एक प्रत तिथे ठेवलेली असते, काढायच्या वेळी लागते म्हणून. जागा करायला कुणीतरी ते फोल्डरच साफ केलं होतं. नावं आकड्या-अक्षरांची असतात, कचराच वाटतो तो. साफ करणाऱ्याला दोष देता येत नाही. शेवटी मायक्रोसॉफ्टचा अडकलेले प्रोग्राम काढणारा ट्रबलशूटर उतरवून घेतला, त्याने रजिस्ट्रीतल्या नोंदीच उखडल्या. पूर्वी ह्यासाठी क्लीनअप नावाचं एक साधन मिळायचं, ते त्यांनी २०१० मध्ये मागे घेतलं, कारण ते भलत्याचीच मुळं कापायचं. हे जरा सांभाळून कापतं.

मग आम्ही अख्खी यादी घेऊन बसलो. यादीत एक रकाना असतो, 'स्टार्टअप इम्पॅक्ट', म्हणजे सुरू होताना कोण किती भार टाकतो. प्रोसेसरचा एका सेकंदाहून जास्त वेळ घेतला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त उलाढाल केली तर 'हाय'. ०.३ सेकंदाच्या आणि ३०० केबीच्या आत राहिला तर 'लो'. तर प्रिंटरवाल्या नोंदीपुढे, ती बंद करायच्या आधी, काय लिहिलेलं असावं? लो. मोजणाऱ्याच्या लेखी तो अगदीच गरीब प्राणी होता. मामांचा चहा, ती दोन बटणं, बाकावर ताटकळणारा कारकून, ह्यातलं काहीच त्या मापात येत नव्हतं. आणि 'हाय' कोण, तर मामांचा मराठी टायपिंगचा प्रोग्राम. रेमिंग्टनचा तो जुना कळफलक, ज्याच्यावर त्यांची बोटं टाइपरायटरपासून बसलेली आहेत, तो देणारा.

"हा सगळ्यात जास्त वेळ खातो," मी म्हटलं.

"खाऊ दे. त्याला हात लावायचा नाही," मामा म्हणाले. तो आपोआप उठला नाही तर त्यांना त्यांचं नावसुद्धा टाइप करता यायचं नाही. आपोआप उठणारं सगळंच आगंतुक, असं मी मनाशी जे बांधत आणलं होतं ते तिथे जरा ढिलं पडलं.

पुढच्या नोंदींना मामांनी एकेक करून पुकारा केल्यासारखं घेतलं. लॉकडाउनमध्ये ऑनलाइन सुनावणीसाठी एका वकीलसाहेबांनी टाकून दिलेलं मीटिंगचं अॅप: "लागलं तर मी उघडीन, त्यानं कशाला उठायचं?" डिसेबल. मुदत संपलेला अँटिव्हायरस, जो फक्त मुदत संपल्याचं सांगायला उठत होता: मामांनी हातानेच खूण केली. पीडीएफवाल्याचा अपडेटर: त्यावर दोन मिनिटं विचार, कारण ई-फायलिंगला पीडीएफ लागते, मग मी सांगितलं की पीडीएफ उघडणं आणि हे वेगळं, तेव्हा त्यालाही रजा. एक नोंद अशी निघाली की तिच्यापुढे बनवणाऱ्याचं नावच नाही. नुसतं 'प्रोग्राम', पांढऱ्या कागदासारखं चिन्ह. उजवं क्लिक करून फाइल कुठे आहे ते बघावं, तर तो पर्यायही करडा. म्हणजे फाइल केव्हाच गेलेली, मागे नोंद तेवढी राहिलेली.

"हा कोण?" मामांनी विचारलं.

"काही कळत नाही."

"कुणाचं काही अडेल का?"

"बहुतेक नाही."

"मग नोटीस काढून बघू," मामा म्हणाले आणि माउस स्वतःच्या हातात घेतला. डिसेबल. कोर्ट उघडून आता बरेच दिवस झाले, परवा फोनवर विचारलं तर म्हणाले, हरकत घ्यायला अजून कुणी आलेलं नाही.